‘अनोथेन’: वरून, मुळापासून की नव्याने? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीक शिकणारे आणि शुभवर्तमानं मुळातून वाचू पाहणारे मराठी वाचक एका शब्दापाशी हमखास अडतात. शब्द छोटा आहे, क्रियाविशेषण आहे, त्याची रूपं चालवायची नसतात. तरी प्रश्न काही थांबत नाहीत. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे तसा क्रमांक दिला आहे.

१. ‘अनोथेन’चा अर्थ एका शब्दात सांगता येईल का?

एका शब्दात सांगायचा तर ‘वरून’. पण वापरात त्याचे तीन अर्थ भेटतात. पहिला जागेचा: वरून, वरच्या बाजूने. दुसरा काळाचा: पहिल्यापासून, मुळापासून, पूर्वीपासून. तिसरा त्या दुसऱ्यातूनच फुटलेला: नव्याने, पुन्हा पहिल्यापासून. कोशात हे तिन्ही एकाखाली एक दिलेले असतात आणि नवा विद्यार्थी त्यातला आवडेल तो उचलतो. गडबड तिथेच होते. कुठला अर्थ घ्यायचा हे या शब्दाकडे बघून ठरत नाही, शेजारच्या क्रियापदाकडे बघून ठरतं. कोणी ‘वरून’ उतरतं, कोणाला ‘पूर्वीपासून’ ओळखतात, आणि मैत्री ‘नव्याने’ जोडतात.

२. उच्चार अनोथेन, आनोथेन की अनॉथेन?

पहिला स्वर ऱ्हस्व आहे, म्हणून ‘अ’. आघात मात्र त्याच्यावरच आहे, त्यामुळे ऐकताना तो थोडा ‘आ’कडे झुकल्यासारखा वाटतो. मधला ‘ओ’ अभिजात काळात दीर्घ आणि उघडा होता, म्हणजे ‘ऑ’च्या जवळचा, पुढे ऱ्हस्व-दीर्घ हा भेद पुसट होत गेला. या पानावर ‘अनोथेन’ असंच लिहिलं आहे.

‘थ’च्या बाबतीत आपली चैन आहे. अभिजात ग्रीकमधला तो वर्ण आपल्या ‘थाळी’तल्या थ सारखा महाप्राण होता. युरोपीय विद्यार्थ्यांना तो मुद्दाम घोटावा लागतो, आपल्याला आईच्या बोलण्यातून मिळालेला असतो. आजच्या ग्रीकमध्ये तो जिभेचं टोक दातांना लावून हवा सोडत घर्षणाने उच्चारतात.

३. शेवटचं ‘थेन’ काय आहे? संस्कृतमधल्या ‘-तः’चा भाऊ का?

काम तेच, घराणं वेगळं. ‘अनो’ म्हणजे वर आणि ‘-थेन’ म्हणजे ‘-हून, -ऊन’. ‘ओइकोथेन’ घरून, ‘ऊरानोथेन’ आकाशातून, ‘अथेनेथेन’ अथेन्सहून, ‘पोथेन’ कुठून. संस्कृतमध्ये कुतः, ततः, सर्वतः यांतला ‘-तः’ हेच काम करतो आणि मराठीत तो मूलतः, अंशतः, वस्तुतः अशा शब्दांत अजून नांदतो. मात्र ग्रीक ‘थ’च्या समोर संस्कृतमध्ये नियमाने ‘ध’ किंवा ‘ह’ येतो, ‘त’ नाही. त्यामुळे दोन्ही प्रत्यय एकाच मुळातले आहेत, असं सांगत सुटू नका. लक्षात ठेवायला मदत म्हणून तुलना उत्तम. व्युत्पत्ती म्हणून नको.

‘-थेन’ला दोन सोबती आहेत: ‘-थि’ म्हणजे ठिकाणी आणि ‘-दे’ म्हणजे कडे. घरी, घरून, घराकडे, ही तिन्ही कामं ग्रीक अशी प्रत्ययावर भागवत असे.

४. ‘वरून’चा अर्थ ‘पहिल्यापासून’ कसा काय झाला? हे ओढूनताणून वाटतं.

मुळीच नाही. आपणही हेच करतो. मूल वाचताना मधेच अडखळलं की आपण म्हणतो, ‘परत वरून वाच.’ पानाची सुरुवात वर असते. वंशावळीतही मूळपुरुष वर असतो, म्हणून तर आपण ‘वरच्या पिढ्या’ म्हणतो. नदीचा उगमही वरच्या अंगाला. उंची आणि आरंभ यांची सांगड अशी सगळीकडे पडलेली असते.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण ग्रीक कवी थिओक्रिटसच्या पंधराव्या काव्यातलं आहे, इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातलं. अलेक्झांड्रियात अडोनिसचा उत्सव चालू आहे, राजवाड्यात तोबा गर्दी. मूळच्या सिराक्यूजच्या दोन मैत्रिणी, गोर्गो आणि प्राक्सिनोआ, तिथली चित्रं बघत मोठमोठ्याने बोलताहेत. शेजारचा एक अनोळखी इसम वैतागतो: बायांनो, ही पारव्यांची घूंघूं पुरे, तुमचे ते पसरट स्वर ऐकून जीव जाईल! प्राक्सिनोआ ऐकून घेणारी नव्हे. हा कोण आम्हाला बोलणारा, असा प्रतिसवाल करून ती वर सुनावते: आम्ही ‘अनोथेन’ कोरिंथच्या आहोत, बेलेरोफोनसारख्या (हा कोरिंथचा पुराणकथेतला वीर), पेलोपोनेसची बोली बोलतो आम्ही.

सिराक्यूज ही कोरिंथकरांनी वसवलेली वसाहत, म्हणून हा तोरा. इथे ‘अनोथेन’चं मराठी एकच होतं: ‘मूळच्या’. ‘आम्ही मूळचे कोकणातले’ म्हणताना आपल्या आवाजात जे असतं, तेच तिच्या आवाजात आहे. आणि ‘वरून कोरिंथच्या’ किंवा ‘पुन्हा कोरिंथच्या’ असं भाषांतर केलं तर तो इसम हसून निघून जाईल.

५. ‘नव्याने’ हा अर्थ खरोखर होता, की धर्मोपदेशकांनी नंतर चिकटवला?

होता. पण ‘वरून’ इतका वारंवार भेटत नाही, त्यामुळे शंका येणं साहजिक आहे. तीन दाखले पुरेत.

पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस इसहाक आणि अबीमलेख यांची कथा सांगतो. त्यांची आधी मैत्री होती, मग बिनसलं, आणि अबीमलेखाने ‘अनोथेन’ मैत्री केली. जुनी मैत्री मोडल्याचं वाक्यातच असल्यामुळे इथे ‘नव्याने’ शिवाय दुसरं काही बसत नाही.

‘शलमोनाचे ज्ञान’ या ग्रंथाच्या १९व्या अध्यायात, इस्राएल लोक समुद्र ओलांडतात त्या वर्णनात, सगळी सृष्टी ‘पालिन अनोथेन’ घडवली गेली, म्हणजे पुन्हा मुळापासून घडवली गेली, असं येतं.

आणि पौल गलतीकरांना (४:९) विचारतो: त्या दुबळ्या, भिकार तत्त्वांची गुलामी तुम्हाला ‘पालिन अनोथेन’ करायची आहे का? तो त्रासून बोलतोय. एका ‘पुन्हा’ने त्याचं समाधान होत नाही.

६. मग ‘पालिन’ आणि ‘अनोथेन’ यांत फरक काय?

बाराच्या पाढ्यात सातव्या ओळीला अडखळलेल्या मुलाला ‘पुन्हा म्हण’ म्हटलं तर तो तीच ओळ परत म्हणेल. ‘पहिल्यापासून म्हण’ म्हटलं तर बारा एके बारापासून सुरू करेल, आणि चेहरा पाडेल. ‘पालिन’ हे पहिलं, ‘अनोथेन’ हे दुसरं. ‘पालिन’मध्ये परत फिरणं किंवा परत करणं एवढंच आहे; ‘अनोथेन’मध्ये आरंभाला जाणं आहे.

तिसरा शब्द ‘देउतेरोन’, म्हणजे दुसऱ्यांदा. त्यात मोजदाद आहे, जी पहिल्या दोघांत नाही. हा फरक प्रश्न ८ मध्ये कामाला येणार आहे.

७. नव्या करारात हा शब्द किती वेळा येतो?

१३ वेळा. मत्तय, मार्क आणि लूक यांत एकेकदा, योहानात पाच वेळा (३:३, ३:७, ३:३१, १९:११, १९:२३), प्रेषितांच्या कृत्यांत एकदा, गलतीकरांच्या पत्रात एकदा आणि याकोबाच्या पत्रात तीनदा. या तेरांपैकी खरा पेच फक्त योहान ३:३ आणि ३:७ इथे आहे. उरलेल्या ठिकाणी शेजारचे शब्द निकाल लावून टाकतात.

८. निकदेमाला येशू नेमकं काय म्हणाला: ‘नव्याने जन्म’ की ‘वरून जन्म’?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. निकदेम हा येशूला भेटायला आलेला यहूदी पुढारी; ‘अनोथेन’ जन्मल्याशिवाय कोणालाही देवाचं राज्य दिसत नाही, असं येशू त्याला योहान ३:३ मध्ये सांगतो. दोन्ही बाजू आधी मांडतो.

‘वरून’च्या बाजूने: योहानाच्या उरलेल्या तिन्ही वापरांत अर्थ जागेचा आहे. त्याच अध्यायात, ३:३१ मध्ये, ‘जो अनोथेन येतो तो सर्वांच्या वर आहे’, आणि तिथे लगेच पृथ्वीवरच्याशी तुलना आहे. शिवाय वर आणि खाली, स्वर्ग आणि पृथ्वी ही या शुभवर्तमानाची आवडती जोडी. ८:२३ मध्ये ‘तुम्ही खालचे, मी वरचा’ असं स्पष्टच आहे.

‘नव्याने’च्या बाजूने: निकदेम तसंच समजतो. माणूस म्हातारा झाल्यावर आईच्या पोटात दुसऱ्यांदा शिरून जन्मेल कसा, असं तो विचारतो. ग्रीक ऐकणाऱ्याला शब्दाचा तो अर्थ सुचूच शकत नसता, तर हा प्रश्न लिहिण्यात काही अर्थ नव्हता.

आता बारकाईने बघा. ‘दुसऱ्यांदा’ हा शब्द, म्हणजे ‘देउतेरोन’, निकदेमाचा आहे. येशूच्या तोंडी तो एकदाही नाही. येशू ‘अनोथेन’ म्हणतो. निकदेम त्याचं ‘देउतेरोन’ करून टाकतो, म्हणजे आरंभाची गोष्ट मोजणीवर आणतो. पुढचं उत्तर त्याला मोजणीवरून हटवून ‘पाणी आणि आत्मा’ इकडे वळवतं. योहान हे सतत करतो: एखादा दोन अर्थांचा शब्द टाकायचा, समोरच्याने चुकीच्या टोकाला धरायचा, आणि मग संवाद पुढे सरकायचा. लगेच पुढच्या अध्यायात शोमरोनी बाईशी ‘जिवंत पाणी’ असंच वापरलं आहे. ग्रीकमध्ये त्याचा साधा अर्थ वाहतं पाणी, जसा आपण विहिरीला ‘जिवंत झरा’ आहे म्हणतो.

तिसऱ्या अध्यायातच असे आणखी दोन शब्द आहेत. ३:८ मधला ‘न्युमा’ म्हणजे वाराही आणि आत्माही. (मराठीत ‘अंगात वारं आलं’ म्हणतात तेव्हा आपणही या कोटीच्या जवळ जातो, रंग वेगळा, पण धागा तोच.) आणि ३:१४ मधलं ‘उंच केला जाणं’ म्हणजे खांबावर चढवणंही आणि गौरवणंही.

त्यामुळे माझं मत असं: लेखकाने शब्द दुहेरी म्हणूनच निवडला आहे. जोर ‘वरून’वर आहे, आणि ‘नव्याने’ ही निकदेमाने धरलेली बाजू आहे, जी सर्वस्वी चूक नाही, अर्धी आहे. मराठीत एकच शब्द घ्यावा लागला तर मी मजकुरात ‘वरून’ घेईन आणि ‘नव्याने’ तळटीपेत ठेवीन. रुळलेला मराठी अनुवाद याच्या उलट करतो, आणि त्याला कारण आहे. प्रश्न १० बघा.

९. येशू अरामी बोलत होता ना? मग ही ग्रीक कोटी तिथे कशी?

चांगला प्रश्न, आणि अडचणीचा. ‘वरून’ आणि ‘नव्याने’ हे दोन्ही अर्थ सहज देणारा एकच अरामी शब्द सांगता येत नाही. सिरियाक ही अरामीचीच एक बोली. तिच्यातल्या प्राचीन पेशित्ता अनुवादात ३:३ ला ‘डोक्यापासून’ अशा अर्थाची शब्दयोजना आहे, आणि ती ‘पुन्हा पहिल्यापासून’कडे झुकते. म्हणजे अनुवादकाला तिथे बाजू निवडावी लागली.

म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात की हा संवाद आपल्यासमोर आहे त्या रूपात ग्रीकमध्येच घडवला गेला. संवादामागे काहीच घडलं नव्हतं, असा अर्थ मात्र यातून आपोआप निघत नाही. शब्दांची ही नेमकी गुंफण ग्रीक लेखकाची आहे, एवढंच निघतं.

१०. जुन्या अनुवादकांनी काय केलं? मराठीत ‘नव्याने’ कुठून आलं?

व्हल्गेट या जुन्या लॅटिन बायबलने योहान ३:३ ला ‘देनुओ’ म्हणजे नव्याने घेतलं, आणि त्याच अध्यायात ३:३१ ला ‘देसुर्सुम’ म्हणजे वरून. एका ग्रीक शब्दाला दोन लॅटिन शब्द लागताच कोटी नाहीशी झाली. लूथरच्या जर्मन अनुवादातही ‘नव्याने’च. १६११च्या इंग्रजी अनुवादाने मजकुरात ‘पुन्हा’ ठेवून समासात ‘किंवा वरून’ अशी टीप दिली. ही मला प्रामाणिक वाट वाटते.

ग्रीक बोलणाऱ्या भाष्यकारांतही एकमत नव्हतं. चौथ्या शतकातला योहान क्रिसोस्तोम सरळ नोंदवतो की काहीजण याचा अर्थ ‘स्वर्गातून’ घेतात, काहीजण ‘आरंभापासून’. ज्यांची मातृभाषा ग्रीक, त्यांचीच ही गत, तर आपण कोड्यात पडलो म्हणून वाईट वाटून घेऊ नये. त्याआधी दुसऱ्या शतकात जस्टिन हा ख्रिस्ती लेखक हेच वचन सांगताना ‘अनोथेन’ टाळून ‘पुन्हा जन्मणे’ अशा सरळ क्रियापदाचा वापर करतो, जे पेत्राच्या पहिल्या पत्रातही आहे.

मराठी अनुवाद या लांब परंपरेच्या टोकाला आले आणि ‘नव्याने जन्म’ आपल्याकडे उपासनेच्या भाषेत इतका मुरला आहे की आता तिथे ‘वरून जन्म’ वाचलं तर छपाईची चूक वाटेल. मूळ ग्रीक-हिब्रूशी थेट झोंबण्याचं काम मराठीत झालेलं नाही असं मात्र नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्या दोन्ही भाषा हाताळत, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवलं. १९२२ मध्ये त्या गेल्या त्या हे काम हातावेगळं करूनच.

११. याला ‘पुनर्जन्म’ म्हणायला काय हरकत? किंवा ‘द्विज’?

‘पुनर्जन्म’ला मोठी हरकत आहे. मराठी कानाला तो शब्द मेल्यानंतर दुसऱ्या देहात येणं सांगतो, आणि या संवादात मरण्याचा विषयच नाही. मोठ्या आजारातून उठलेल्याला ‘तुझा पुनर्जन्मच झाला’ म्हणतात तो अर्थ जरा जवळ येतो, पण शब्द वाचताक्षणी आधी पहिलाच अर्थ आठवतो.

‘द्विज’ अधिक मजेशीर. मुंज झालेला, दोनदा जन्मलेला; पक्षी आणि दातही द्विजच. वरवर पाहता चपखल. पण त्यात ‘द्वि’ आहे, म्हणजे मोजणी आहे, आणि ‘अनोथेन’मध्ये मोजणी नाही (प्रश्न ६). गंमत अशी की ‘द्विज’ हा शब्द येशूच्या वाक्यापेक्षा निकदेमाच्या गैरसमजाला जास्त शोभतो. शिवाय द्विजत्व कोणाला, याला वर्णाची चौकट होती. योहानाच्या वाक्यात ‘कोणीही’ असा शब्द आहे.

१२. लूक १:३ मध्ये लूकला ‘वरून’ ज्ञान मिळालं, असं प्रवचनात ऐकलं. बरोबर आहे का?

नाही. लूक तिथे म्हणतो की त्याने सर्व गोष्टींचा ‘अनोथेन’ नीट माग घेतला. आधीच्याच ओळीत ‘आरंभापासून’ पाहणाऱ्या साक्षीदारांचा उल्लेख आहे आणि सगळा सूर शोध घेणाऱ्याचा आहे. अर्थ ‘पहिल्यापासून’.

पडताळा हवा असेल तर याच लेखकाचं दुसरं पुस्तक उघडा. प्रेषितांची कृत्ये २६:५ मध्ये पौल अग्रिप्पा राजाला सांगतो की यहूदी लोक मला ‘अनोथेन’ ओळखतात. तिथे ‘स्वर्गातून ओळखतात’ असं घालून बघा. लूकच्या प्रस्तावनेत ज्यांना स्वर्ग हवा असतो, ते इथे गप्प होतात. एका ठिकाणचा अर्थ उचलून दुसरीकडे नेऊन बसवायचा, हा या शब्दाच्या बाबतीतला सगळ्यात जुना रोग.

१३. ‘-थेन’मध्येच ‘-हून’ आहे, तर मार्क १५:३८ मध्ये ‘अप् अनोथेन’ कशाला? लेखकाची चूक?

पिवळा पीतांबर म्हणणाऱ्यांनी मार्कला हसू नये. ‘अप्’ म्हणजे पासून आणि ‘-थेन’ म्हणजेही पासून, ही द्विरुक्ती खरी, पण ती फार जुनी आहे. खुद्द होमर इलियडच्या आठव्या सर्गात सोन्याची साखळी ‘आकाशातून’ सोडायला सांगताना ‘एक्स ऊरानोथेन’ असंच दुहेरी बोलतो. प्रत्यय झिजला की बोलणारे पुढे एक शब्द जोडून घेतात. मार्कमध्ये मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, एवढाच अर्थ.

योहान १९:२३ मधल्या बिनशिवणीच्या अंगरख्यालाही असाच दुहेरी प्रयोग आहे: ‘वरच्या भागापासून’ अखंड विणलेला. आपल्याकडे पैठणीचा माग आडवा, त्यामुळे ‘वरून विणणं’ डोळ्यांसमोर येत नाही. ग्रीक जगात उभा माग होता, ताण्याचे धागे वरच्या दांडीला बांधून खाली वजनं लटकवलेली. त्यावर विणकाम वरूनच सुरू होई.

१४. पिलाताला ‘वरून’ म्हणजे रोमहून की स्वर्गातून?

योहान १९:११. पिलात म्हणतो, तुला सोडायचा किंवा खांबावर द्यायचा अधिकार मला आहे. उत्तर येतं: ‘अनोथेन’ दिलेलं नसतं तर माझ्यावर तुझा काही अधिकार चालला नसता.

‘वरून आदेश आहे’ हे वाक्य ज्याने सरकारी कचेरीच्या खिडकीपाशी उभं राहून ऐकलं आहे, त्याला इथली धार समजावून सांगावी लागत नाही. पिलात हा रोमन सुभ्याचा अधिकारी, त्याच्या वर सम्राट; तो ‘वर’ म्हटल्यावर तिकडेच बघणार. बोलणारा त्याहून वर बघतोय. मराठी ‘वरून’ इथे दोन्ही अर्थ जसेच्या तसे पेलतो, म्हणून ‘देवाकडून’ असं फोडून लिहू नये. आजच्या ग्रीकमध्येही ‘अनोथेन हुकूम’ म्हणजे वरिष्ठांकडून आलेला हुकूम.

एक व्याकरणाची मेख: ‘अधिकार’ हा ग्रीक शब्द स्त्रीलिंगी, पण ‘दिलेलं’ हे रूप नपुंसकलिंगी आहे. म्हणजे काटेकोर बघता ‘दिलेला अधिकार’ असा अन्वय लागत नाही. ‘तसं घडू दिलेलं नसतं तर’ याच्या तो जवळ जातो. वरून अधिकारपत्र आलेलं नाही, वरून मोकळीक मिळाली आहे.

१५. ‘हे अनोथेन सोफिया’ यात क्रियाविशेषण विशेषणासारखं कसं काय आलं?

याकोब ३:१७. ग्रीकमध्ये उपपद (इथलं ‘हे’, इंग्रजी ‘द’सारखं) आणि नाम (‘सोफिया’, ज्ञान) यांच्यामध्ये क्रियाविशेषण बसवलं की ते विशेषणाचं काम करतं. शब्दशः ‘ते वरून ज्ञान’, म्हणजे वरून येणारं ज्ञान. मराठीत ‘-चा’ लावून भागतं: वरचं, कालचं, तिथलं.

१६. याकोब १:१७ मध्ये स्वल्पविराम कुठे द्यायचा?

प्रत्येक उत्तम देणगी ‘अनोथेन आहे उतरत’, असा शब्दक्रम आहे. ‘आहे’ मधोमध आल्यामुळे दोन वाचनं होतात. एक: देणगी वरून आहे, ज्योतींच्या पित्याकडून उतरणारी. दुसरं: देणगी वरून उतरत आहे, म्हणजे ‘आहे’ आणि ‘उतरत’ मिळून एकच क्रियापद. जुन्या हस्तलिखितांतली विरामचिन्हं इथे भरवशाची नाहीत. मला पहिलं पटतं, कारण ३:१५ मध्ये याकोबाला ‘वरून उतरणारं’ हवं होतं तेव्हा त्याने दोन्ही शब्द शेजारीशेजारी ठेवले आहेत. इथे मधे ‘आहे’ घालून त्यांना वेगळं केलं आहे.